इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत तयार झाल्या, पण त्यांना आपल्याच शरीरापासून वाचवायचं कसं?

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाच्या घरात प्रत्येक घासाचा हिशोब असतो. पोळ्या किती खाल्ल्या, भात किती, त्यावर इन्सुलिनचे युनिट किती. खेळून आल्यावर साखर उतरली का? झोपेत उतरली तर? म्हणून रात्री दोनचा गजर लावून आई किंवा बाबा उठतात, मुलाच्या बोटाला सुई टोचतात आणि आकडा बघून पुन्हा झोपतात. या आजाराला रविवार नसतो, दिवाळीची सुट्टीही नसते.

अशा घरांसाठी जून २०२५ मध्ये एक मोठी बातमी आली. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात एका चाचणीचे निष्कर्ष छापून आले. स्टेम सेलपासून तयार केलेल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचा पूर्ण डोस १२ जणांना दिला होता. वर्षभरानंतर त्यांपैकी १० जणांना इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं.

मग हा उपचार सगळ्यांना का मिळत नाही? कारण या पेशी जिवंत ठेवायच्या तर रुग्णाला रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत राहावी लागतात. म्हणजे एक आजार आटोक्यात आणताना दुसरं संकट दारात उभं राहतं.

या औषधांशिवाय पेशी वाचवता येतील का? त्यासाठी जगभरातल्या प्रयोगशाळा पेशींना एखादं आवरण घालता येईल का, हे शोधत आहेत. हे आवरण नेमकं कशाचं असतं, ते काय करतं आणि हे काम कुठवर आलं आहे, ते समजून घेऊया.

टाइप १ मधुमेहात नेमकं काय बिघडतं?

आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यात पेशींचे बारीक बारीक पुंजके विखुरलेले असतात. १८६९ मध्ये पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने ते पहिल्यांदा नोंदवले, म्हणून त्यांना 'लँगरहान्सची बेटं' म्हणतात. प्रौढ माणसाच्या स्वादुपिंडात अशी साधारण १० लाख बेटं असतात. त्यांतल्या बीटा पेशी रक्तातली साखर सतत मोजतात आणि गरजेइतकंच इन्सुलिन सोडतात.

टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणा या बीटा पेशींनाच शत्रू समजते. जंतूंना मारण्यासाठी असलेल्या टी पेशी बीटा पेशींवर तुटून पडतात. बहुतेक बीटा पेशी नष्ट झाल्या की इन्सुलिन बनणं जवळजवळ थांबतं.

म्हणजे हा मुळात साखरेचा आजार नाही, प्रतिकारशक्तीचा आजार आहे. गोड जास्त खाल्ल्यामुळे तो होत नाही. वाढतं वजन आणि बैठ्या जीवनशैलीशी जोडला जाणारा टाइप २ मधुमेह वेगळा.

१९२२ साली टोरंटोमध्ये १४ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी हा आजार म्हणजे मृत्यूच मानला जायचा. इन्सुलिनने कोट्यवधी जीव वाचवले. पण इंजेक्शनने दिलेलं इन्सुलिन बीटा पेशींसारखं क्षणाक्षणाला साखर मोजत नाही. ते काम माणसालाच करावं लागतं.

बाहेरून पेशी घालण्याची कल्पना कुठून आली?

पेशी मेल्या असतील तर नव्या पेशी घालाव्यात, हा विचार सरळ आहे. २००० मध्ये कॅनडातल्या एडमंटनच्या डॉक्टरांनी ७ रुग्णांना मृत दात्यांच्या स्वादुपिंडातली बेटं दिली आणि सातही जणांचं इन्सुलिन थांबलं. ही पद्धत 'एडमंटन प्रोटोकॉल' म्हणून ओळखली जाते.

पण दाते मुळातच कमी आणि एका रुग्णाला बहुतेक वेळा एकाहून अधिक दात्यांची बेटं लागतात. लाखो रुग्णांना हा उपचार पुरणार कसा?

याचं उत्तर स्टेम सेलने दिलं. स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी. योग्य रसायनं योग्य क्रमाने मिळाली तर तिच्यापासून शरीरातली वेगवेगळ्या प्रकारची पेशी घडवता येते. हार्वर्ड विद्यापीठाचे डग्लस मेल्टन यांच्या दोन्ही मुलांना टाइप १ मधुमेह आहे. मुलाचं निदान झाल्यावर त्यांनी आपल्या संशोधनाची दिशाच बदलली. २०१४ मध्ये त्यांच्या गटाने माणसाच्या मूळ पेशींपासून कोट्यवधी बीटा पेशी बनवण्याची पद्धत जाहीर केली.

सुरुवातीला उल्लेख केलेली चाचणी याच कामातून पुढे आली. व्हर्टेक्स या अमेरिकी कंपनीच्या या उपचाराचं नाव झिमिस्लेसेल. यात पेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून सोडल्या जातात आणि त्या यकृतात स्थिरावतात. पेशी मिळवण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. आता प्रश्न आहे त्या टिकवण्याचा.

मग अडचण कुठे आहे?

नव्या पेशींवर दोन बाजूंनी हल्ला होतो. त्या दुसऱ्याच्या शरीरातून आलेल्या असतात, त्यामुळे किडनी बदलल्यावर होतं तसंच शरीर त्यांना नाकारतं. शिवाय रुग्णाच्या शरीरात बीटा पेशींवर खार खाऊन असलेल्या टी पेशी अजूनही फिरत असतात. ज्यांनी जुन्या पेशी मारल्या, त्या नव्यांनाही सोडत नाहीत.

हे रोखायला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात. पण ही औषधं फक्त टी पेशींचा हा हल्ला थांबवत नाहीत, सगळी पहारेदारीच ढिली करतात. संसर्गाचा आणि काही कर्करोगांचा धोका वाढतो, किडनीवर ताण येतो. झिमिस्लेसेलच्या चाचणीत एका सहभागी व्यक्तीचा बुरशीमुळे झालेल्या मेंदूज्वराने मृत्यू झाला. त्यात प्रतिकारशक्ती दाबली गेल्याचा वाटा होता.

म्हणूनच या चाचणीत फक्त अशा प्रौढांना घेतलं होतं, ज्यांची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते आणि त्यांना ते कळतही नाही. त्यांच्यासाठी औषधांची जोखीम परवडते. रोज शाळेत जाणाऱ्या, इन्सुलिनवर ठीक चाललेल्या आठ वर्षांच्या मुलासाठी हा सौदा डॉक्टर सहसा करणार नाहीत.

पेशींचं आवरण म्हणजे काय?

पॉपिंग बोबा खाल्ला असेल तर हे चटकन समजेल. चहात किंवा दह्यात घातलेले, दाताखाली फुटणारे रसाचे मणी. त्यांची पातळ साल अल्जिनेटची असते. हा पदार्थ तपकिरी समुद्री शेवाळापासून मिळतो. अल्जिनेटचा थेंब कॅल्शियमच्या पाण्यात पडला की क्षणात त्याची जेली होते. दाताच्या दवाखान्यात माप घेताना तोंडात जो मऊ गोळा धरायला लावतात, तोही बहुतेक वेळा अल्जिनेटचाच असतो.

१९८० मध्ये फ्रँकलिन लिम आणि अँथनी सन यांनी रसाऐवजी स्वादुपिंडातली बेटं अशा मण्यांत बंद केली आणि मधुमेही उंदरांच्या पोटात सोडली. जेलीला सूक्ष्म छिद्रं असतात. ग्लुकोज आणि ऑक्सिजनचे रेणू खूप लहान, ते आत जातात. इन्सुलिनचा रेणू त्यांच्याहून मोठा, पण तोही बाहेर पडू शकतो. टी पेशी मात्र या सगळ्यांपेक्षा हजारो पटींनी मोठी असते. तिला आत शिरताच येत नाही.

थोडक्यात, मच्छरदाणी. वारा येतो, डास येत नाही.

अशा पदार्थांना बायोमटेरियल म्हणतात, म्हणजे शरीरात ठेवता येतील असे पदार्थ. अल्जिनेटशिवाय पॉलिइथिलीन ग्लायकॉल, हायल्युरोनिक अ‍ॅसिड, कायटोसान असे अनेक पदार्थ यासाठी वापरून पाहिले गेले आहेत.

कल्पना १९८० ची, मग इतकी वर्षं का लागली?

कारण शरीर मच्छरदाणीवरच हल्ला करतं.

पायात रुतलेला काटा निघाला नाही तर त्याच्याभोवती कठीण गाठ तयार होते. शरीराचा हा नियम आहे: परकी वस्तू हटवता येत नसेल तर तिला भिंत घालून वेगळं करायचं. पोटात सोडलेल्या मण्यांचंही तसंच होतं. आधी प्रतिकारयंत्रणेच्या पेशी त्यांना चिकटतात, मग भोवती जाड तंतुमय थर साचतो. या थरातून ऑक्सिजन जात नाही आणि आतल्या बीटा पेशी गुदमरून मरतात.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये डॅनियल अँडरसन आणि रॉबर्ट लँगर यांच्या गटाने या प्रश्नाचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. त्यांना दोन महत्त्वाच्या गोष्टी सापडल्या.

पहिली गोष्ट मण्याच्या आकाराची. अर्ध्या मिलिमीटरच्या मण्यापेक्षा दीड मिलिमीटरच्या मण्यावर तंतुमय थर खूपच कमी साचतो, हे त्यांनी २०१५ मध्ये दाखवलं. लहान वस्तू शरीराला कमी खुपेल असं आपल्याला वाटतं, पण इथे उलट घडलं.

दुसरी गोष्ट मण्याच्या पृष्ठभागाची. या गटाने अल्जिनेटच्या रेणूत वेगवेगळे रासायनिक बदल करून ७७४ प्रकार तयार केले आणि एकेक तपासला. त्यांतल्या मोजक्या प्रकारांना शरीराच्या पेशी फारशा चिकटत नव्हत्या. २०१६ मध्ये अशा एका प्रकारच्या मण्यांत मेल्टन यांच्या प्रयोगशाळेतल्या मानवी बीटा पेशी भरून मधुमेही उंदरांना दिल्या. या उंदरांची प्रतिकारशक्ती शाबूत होती, कोणतंही दाबणारं औषध दिलं नव्हतं. तरी त्यांची साखर १७४ दिवस, म्हणजे प्रयोग संपेपर्यंत आटोक्यात राहिली. पुढे माकडांमध्येही अशा आवरणातली बेटं ४ महिने टिकली.

मग माणसात यश आलं का?

अजून तरी नाही. या भागाची चर्चा कमी होते, पण ती व्हायला हवी.

याच तंत्रावर उभी राहिलेली सिजिलॉन ही कंपनी आधी हिमोफिलिया या रक्तस्रावाच्या आजाराकडे वळली. दीड मिलिमीटरच्या मण्यांत रक्त गोठवणारा घटक बनवणाऱ्या पेशी भरून त्या रुग्णांच्या पोटात सोडल्या. २०२१ मध्ये एका रुग्णाच्या पोटातले मणी तपासले, तेव्हा त्यांवर तंतुमय थर साचला होता आणि आतल्या पेशी जिवंत नव्हत्या. उंदीर आणि माकडांना फसवणारं आवरण माणसाच्या शरीराने ओळखलं होतं.

दुसरा मार्ग होता डबीचा. व्हायासाइट या कंपनीने २०१४ मध्ये एका चपट्या पाकिटात पेशी भरून ते त्वचेखाली बसवण्याची चाचणी सुरू केली. तिथेही पाकिटाच्या पडद्यावर शरीराने थर चढवला. व्हर्टेक्सनेही झिमिस्लेसेलच्या पेशी अशाच एका उपकरणात भरून पाहिल्या. उपकरण सुरक्षित ठरलं, पण पेशींनी पुरेसं इन्सुलिन बनवलं नाही. मार्च २०२५ मध्ये ती चाचणी थांबवण्यात आली.

थोडक्यात, त्याच प्रकारच्या पेशी मोकळ्या सोडल्या तर १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन थांबतं आणि डबीत बंद केल्या तर त्या नीट काम करत नाहीत.

यात ऑक्सिजनचा मोठा वाटा आहे. स्वादुपिंडाच्या वजनात बेटांचा वाटा जेमतेम १ ते २ टक्के, पण तिथल्या रक्तपुरवठ्यातला त्यांचा वाटा १० ते १५ टक्के. इतकी भूक असलेली पेशी रक्तवाहिनीपासून एका मिलिमीटरच्या पाचव्या भागापेक्षा जास्त दूर गेली की उपाशी पडते. भिंत जितकी जाड, तितका आतला जीव घुसमटतो.

भिंत नको, लेप चालेल का?

त्यामुळे आता आणखी पातळ आवरणांवर काम चालू आहे. जाड गोधडीऐवजी अंगाबरोबर बसणारा सदरा, असं म्हणता येईल.

अमेरिकेतल्या मायामी विद्यापीठात बेटाच्या आकाराबरोबर बसणारा, काही दशांश मायक्रॉन नव्हे तर काही दशक मायक्रॉन जाडीचा जेलीचा थर देण्याचं तंत्र विकसित झालं. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते, त्यावरून अंदाज येईल. दुसऱ्या एका पद्धतीत धन आणि ऋण विद्युतभार असलेले पदार्थ आलटून पालटून पेशीवर चढवतात. ते एकमेकांना आपोआप धरून ठेवतात आणि एकावर एक थर बसत जातात.

स्वीडनमधल्या संशोधकांनी वेगळा धोका हेरला. बेटं रक्तात सोडताच रक्त त्यांच्याभोवती गोठू लागतं आणि पहिल्या काही तासांतच अनेक पेशी मरतात. म्हणून त्यांनी बेटांच्या पृष्ठभागावर हेपरिनचा लेप दिला. हेपरिन म्हणजे रक्त पातळ ठेवण्यासाठी रुग्णालयात देतात तेच औषध. इथे ते सगळ्या शरीराला न देता फक्त पेशीच्या अंगावर लावलं. या लेपामुळे रक्ताची ही प्रतिक्रिया रोखता येते, हे २००७ मध्ये दिसून आलं.

याच्याही पुढचा विचार म्हणजे लढणारा लेप. आवरणाने नुसता टी पेशींचा रस्ता न अडवता त्यांना थेट संदेश द्यायचा.

संसर्ग संपल्यावर टी पेशींची फौज कमी करण्यासाठी शरीराकडे एक व्यवस्था असते. चवताळलेल्या टी पेशीच्या अंगावर 'फास' नावाचं एक प्रथिन उगवतं. त्याला जोडीचं प्रथिन येऊन चिकटलं की टी पेशी स्वतःच मरून जाते. या जोडीदाराला 'फास लिगँड' म्हणतात. तोच नव्या बेटांच्या आसपास ठेवला तर? हल्ला करायला आलेल्या टी पेशी तिथेच संपतील आणि बाकीच्या शरीराची प्रतिकारशक्ती शाबूत राहील.

हवल शिरवान, एस्मा योल्चू आणि जॉर्जिया टेकचे आंद्रेस गार्सिया यांच्या गटांनी जेलीच्या सूक्ष्म मण्यांवर हे प्रथिन बसवलं. ते चिकटवायला बायोटिनचा उपयोग झाला. केसांसाठीच्या गोळ्यांच्या जाहिरातीत दिसतं तेच हे जीवनसत्त्व. स्ट्रेप्टाविडिन या प्रथिनाशी त्याची पकड निसर्गातल्या सर्वांत घट्ट जोड्यांपैकी एक आहे.

हे मणी आणि दुसऱ्या माकडांची बेटं एकत्र करून मधुमेही माकडांना देण्यात आली. फक्त पहिले तीन महिने एकच सौम्य औषध दिलं आणि मग तेही बंद केलं. त्यानंतरही बेटं काम करत राहिली, सहा महिन्यांहून अधिक काळ साखर आटोक्यात राहिली. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

यात एक मेख आहे. या माकडांना मधुमेह रसायन देऊन केलेला होता. त्यांच्या शरीरात बीटा पेशींवर खार खाणाऱ्या टी पेशी नव्हत्या. माणसातल्या दुहेरी हल्ल्यापुढे हा लेप टिकेल का, हे माणसांवरच्या चाचणीतच कळेल.

हे फक्त मधुमेहापुरतं आहे का?

नाही. अस्थिमज्जा, चरबी किंवा नाळेतून मिळणाऱ्या 'मेसेन्कायमल' पेशी प्रतिकारशक्तीला शांत करतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर कधी कधी दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावरच हल्ला करतात. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या अशा मुलांसाठी या पेशींच्या एका उपचाराला अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली.

या पेशींची अडचण वेगळी आहे. शिरेतून दिल्यावर बहुतेक पेशी फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि एक-दोन दिवसांत नाहीशा होतात. हार्वर्डमधल्या डेव्हिड मूनी यांच्या गटाने २०१७ मध्ये अशा एकेका पेशीला अल्जिनेटचा पातळ अंगरखा चढवला. उंदरांमध्ये या पेशी उघड्या पेशींपेक्षा जास्त काळ टिकल्या.

आवरणाला पर्याय आहे का?

आहे. पेशीला कपडे घालण्यापेक्षा तिची ओळखच बदलायची, असा तो विचार. स्वीडनमधल्या उप्साला इथे एका रुग्णाला जनुकीय बदल केलेल्या बेटपेशी हाताच्या स्नायूत देण्यात आल्या. प्रतिकारयंत्रणा ज्या खुणांवरून परकी पेशी ओळखते, त्या काढून टाकल्या होत्या. दाबणारी औषधं न देताही या पेशी १२ आठवड्यांनंतर इन्सुलिन बनवत होत्या. हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. पण रुग्ण एकच होता आणि पेशींची मात्राही त्याचं इन्सुलिन थांबेल इतकी नव्हती.

शिवाय प्रतिकारयंत्रणेला न दिसणारी पेशी उद्या कर्करोगाकडे वळली तर तिला पकडणार कोण, हा प्रश्न उरतोच. कदाचित शेवटी थोडा जनुकीय बदल आणि थोडं आवरण, असा मिलाफ करावा लागेल.

आज रुग्णांनी काय लक्षात ठेवावं?

इंटरनॅशनल डायबिटीज फेडरेशनच्या अंदाजानुसार टाइप १ मधुमेह असलेली सर्वाधिक मुलं भारतात आहेत. त्यामुळे 'स्टेम सेलने मधुमेह कायमचा बरा' अशा जाहिराती आणि रील्सना इथे गिऱ्हाईकही मोठं आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांसाठी केलं जाणारं मूळ पेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी स्टेम सेल उपचार मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवेत. औषध म्हणून मंजुरी मिळालेली मोजकी उत्पादनं हा त्याला अपवाद, पण त्यांत टाइप १ मधुमेहाचं एकही नाही.

कोणी असा उपचार सुचवला तर तीन प्रश्न विचारावेत. ही चाचणी 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया'मध्ये नोंदलेली आहे का? नैतिक समितीची परवानगी दाखवता का? आणि उपचाराचे पैसे रुग्णाकडून का घेता? खऱ्या चाचणीत सहभागी व्यक्तीकडून उपचाराचं शुल्क घेतलं जात नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, अशा कोणाच्याही सांगण्यावरून इन्सुलिन बंद करू नये. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबलं तर काही दिवसांत, कधी काही तासांतच जीव धोक्यात येऊ शकतो.

पेशी तयार करता येतात, हे आता सिद्ध झालं आहे. त्या माणसाच्या शरीरात काम करतात, हेही दिसलं आहे. औषधांविना त्यांना वर्षानुवर्षं जपणारं आवरण मात्र अजून सापडायचं आहे. ते सापडेपर्यंत रात्री दोनचा गजर आणि इन्सुलिनचं पेन, दोन्ही उशाशी ठेवावं लागणार आहे.